रेघेचा कणा

त्यांना सगळे उलटेकाका म्हणायचे. स्वभावाने उलटे नव्हते हो, माणूस ओळंब्यासारखा सरळ. पण हातात कागद आला रे आला की आधी तो उलटा करायचे. अक्षरांचं डोकं खाली, पाय वर. मग लग्नाचं आमंत्रण असो, विजेचं बिल असो नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी. उलटा धरून खिडकीपाशी न्यायचा, डोळे बारीक करायचे, मग कागदाची पाठ बघायची आणि म्हणायचं, "पितो फार हा कागद." लग्न कोणाचं, कधी, कुठे, हे नंतर काकूने वाचून सांगायचं.

"अहो, मुलगी तुमच्या चुलतबहिणीची आहे!"

"असेल. पण शाई हलकी वापरलीय त्यांनी."

तर हे काका शाईच्या कारखान्यात होते. टाकात, पेनात भरायची शाई. नवा हंडा उतरला की त्यातली वाटीभर शाई काकांच्या खोलीत यायची. खोली शेवटाला, एकच मोठी खिडकी, तीही अशा बाजूला की ऊन कधी आत यायचं नाही, नुसता उजेड यायचा. टेबलावर पेनं ओळीने निजवलेली, आणि भिंतीच्या फळीवर कागदांच्या चवडी. शाळेच्या वहीचा कागद, घोटलेला गुळगुळीत कागद, टपालाचा कांद्याच्या सालासारखा पातळ, कचेरीतला पिवळट, बाटल्या गुंडाळायचा करडा. काका प्रत्येकावर लिहायचे आणि बघत बसायचे. शाई फुटते का, म्हणजे रेघेला बाजूने मिशा येतात का. पाठीला उमटते का. बोट फिरवलं तर पुसते का. पाण्याचा थेंब पडला तर तग धरते का. चालेल म्हणाले की बुचं लागायची, नाही म्हणाले की हंडा परत चुलीवर.

उलटं धरायची सवय त्यांना आधीच्या म्हाताऱ्या तपासनिसाने लावली. तो म्हणायचा, "वाचू नकोस. वाचलंस की डोळा शब्दामागे पळतो आणि रेघ बिचारी मागे राहते. कागद उलटा धर, म्हणजे शब्दच उरत नाही. मग शाई तुझ्याशी खरं बोलते." काकांनी ते असं मनावर घेतलं की पुढे घरीदारी त्यांना शब्द दिसेनासेच झाले.

दुसरी गोष्ट हातांची. बोटं कायम निळी. नखांच्या कडेला, रेषांमध्ये, मनगटापर्यंत. साबण, दगड, राख, सगळं करून झालं, रंग काही जाईना. काकूचं घर म्हणजे पांढरं स्वच्छ, चादरी अशा की डोळे दिपावेत. काका घरात शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं, "लांबून बोला!" हात लावायचा नाही. उशीला नाही, पडद्याला नाही, धुतलेल्या कपड्यांना तर नाहीच. कारखान्यात एक बुचवाली होती, बाटल्यांना बुचं बसवायची, तोंडाची मोठी फटकळ. ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "काय हो काका, घरी काकूंना जवळ घेता तेव्हा काकूपण निळ्या होतात का?" काका लाजून लाल झाले, आणि निळा माणूस लाल झाला तर जांभळा दिसतो म्हणून लोक आणखी हसले. काकांनी घरी येऊन ते काकूला सांगितलं. काकूही हसली. पण काकांना ते कुठेतरी लागलं असणार, कारण त्यानंतर ते आणखीच लांब बसायला लागले. दोन खुर्च्यांच्या मध्ये तिसरी खुर्ची मावेल असं.

एकच मुलगी. शाळेत असताना तिने बाबांवर निबंध लिहिला, बाईंनी वर्गात वाचून दाखवला. पोरगी पळत पळत घरी आली, वही बाबांच्या हातात दिली. काकांनी वही घेतली, उलटी केली, खिडकीपाशी नेली.

"वही बदल," म्हणाले. "हिच्यावर शाई फुटते."

पोरगी आत गेली ती जेवायला बाहेर आली नाही. काकू संतापली, "अहो, पोरीने तुमच्यावर लिहिलंय!"

"हो का? चांगलंय की," काका म्हणाले. "पण वही हलकी आहे गं, खरंच."

मुलीने पुन्हा कधी त्यांना काही लिहिलेलं दाखवलं नाही. लग्न होऊन लांब गेली, तिकडून फोन करायची, तोही आईला.

असं सगळं चाललं होतं, आणि एका सकाळी चहा ओतता ओतता काकूच्या हातून कप पडला. तीही त्याच्या मागून खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ वळेना. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "समज पुरी शाबूत आहे. सगळं ऐकतात, सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. अधूनमधून उगाच रडू येईल, मान हलेल, तोंडातून आवाज निघेल. ते मनावर घेऊ नका, आजाराचं आहे." हे शेवटचं डॉक्टर बोलले नसते तर बरं झालं असतं.

मुलगी धावत आली. आईला उशांचा टेका दिला, भरवलं, पुसलं, सगळं केलं. काका दाराच्या चौकटीत उभे. आत यायचे, पलंगापासून दोन हातांवर थांबायचे, निळी बोटं पाठीमागे धरायचे आणि विचारायचे, "काही हवंय का?" आता जिला बोलता येत नाही तिला काय हवंय ते ती कशी सांगणार?

एके दिवशी मुलीने विषय काढला. "बाबा, मी आईला माझ्याकडे नेते."

"छे. तिचं सगळं इथे आहे."

"तुम्ही कारखान्यात गेलात की ती भिंतीकडे बघत पडणार. माझ्याकडे माणसं आहेत, दवाखाना कोपऱ्यावर आहे."

"मी रजा काढीन."

"किती दिवस? आणि तुम्ही काय करणार आहात, दारात उभे राहून?"

काका म्हणाले, "तिला इथेच बरं वाटतं. इतकी वर्षं बघतोय मी."

"विचारलंत तिला?"

"यात विचारायचं काय?"

"तेच तर म्हणतेय. विचारायचंच."

आता विचारायचं तर उत्तर लिहूनच घ्यायला हवं. डावा हात तेवढा हलत होता. मुलीने पेन्सिल दिली, पण दाबायला जोर नाही, कागदावर काहीच उमटेना. साध्या पेनाचंही तेच. तेव्हा काका म्हणाले, "शाईचं पेन आणतो. दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की वाहतं." त्या घरात कितीतरी दिवसांनी काकांच्या बोलण्यात जीव आला होता. आणलं पेन. पण डाव्या हाताने लिहायचं म्हणजे हात लिहिलेल्यावरून सरकत जातो. गुळगुळीत कागदावर काकूने दोन अक्षरं काढली आणि तिच्याच तळहाताने ती पुसली गेली. नुसता निळा फराटा. काका म्हणाले, "थांबा, ओढून घेणारा कागद हवा," आणि बाटल्या गुंडाळायचा करडा कागद घेऊन आले. त्याच्यावर शाई टेकली की आत जाते, पुसायला काही उरतच नाही.

मुलीने पाटावर कागद ठेवला, पाट आईच्या मांडीवर. "आई, तुला काय हवंय ते लिही. माझ्याकडे यायचंय का इथे राहायचंय? का आणखी काही?"

काकूने पेन धरलं. हात थरथरत होता. 'मला' लिहिलं. मग पुढच्या अक्षराला हात थबकला, निब तिथेच टेकून राहिली. मग हात हलला, बाकीचं लिहून झालं, आणि पेन हातातून गळलं.

मुलीने कागद उचलला. "मला... घरा. मला घरा?"

काका पुढे झाले आणि कागद घेतला. आणि बघा, आयुष्यात सगळे कागद उलटे धरणारा माणूस, त्याने हा एक कागद उलटा केला नाही. सरळ वाचला. कारण त्यांना जे वाचायचं होतं तेच तिथे होतं.

"घरातच!" काका म्हणाले. "मला घरातच राहायचंय, असं लिहीत होती. हात थकला तिचा, शब्द अर्धा राहिला."

काकूने मान हलवली. पण मान तर तिची तशीही हलायची. तोंडातून आवाज काढला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलगी काकांकडे बघायला लागली, काका मुलीकडे. दोघांनाही डॉक्टरचं बोलणं आठवलं.

मुलीने आईचे डोळे पुसले. "बरं आई. घर तर घर. मी नाही नेत तुला." सकाळच्या गाडीने ती परत गेली. जाताना बाबांना म्हणाली, "जिंकलात तुम्ही. आता बघा तिच्याकडे."

त्यानंतर काकू भिंतीकडे तोंड करून पडली. पेन दिलं की मूठ मिटायची. काकांनी कारखान्यातून लांब रजा घेतली आणि डोक्यात घेतलं की दोष शाईचा आहे. करड्या कागदावरचे आपले बटबटीत डाग बघून काकूला लाज वाटली असणार, तिचं अक्षर मोत्यासारखं होतं ना! तिला साजेल अशी शाई आणि असा कागद शोधला की ती लिहील. माणूस एरवी देवाधर्माकडे धाव घेतो, हे आपल्या बाटल्यांकडे गेले.

कारखान्यातून कागद आले, बाटल्या आल्या. काकूच्या पलंगाशेजारी खिडकीत टेबल मांडलं आणि काका डाव्या हाताने लिहायला बसले. काकूचा हात जसा जाईल तसाच आपला जायला हवा म्हणून. दंडाला वाळूची पिशवी बांधायचे, हात जड व्हावा आणि थरथरावा म्हणून. दूधवाला एकदा बघून म्हणाला, "काका, शाळेत नाव घातलंत की काय?" काका म्हणाले, "हो रे, पहिलीत आहे."

गोम अशी होती. जो कागद शाई पटकन पितो त्याच्यावर ती पुसत नाही, पण फुटते. जो पीत नाही त्याच्यावर रेघ कोरल्यासारखी राहते, पण वाळायला वेळ लागतो आणि हात फिरला की फराटा. शाई दाट केली तर निबेतून उतरेना, पातळ केली तर मिशा फुटायच्या. निळीने एक दगा दिला, काळीने दुसरा. काका सकाळपासून लिहायचे, तळहात त्यावरून ओढायचे, कागद उलटा करून बघायचे, बाजूला ठेवायचे. काकूचं तोंड भिंतीकडे.

आणि लिहायचे काय? काकूचेच शब्द. मला घरा. तिचा कागद समोर ठेवून, तिच्यासारखंच. कारण तुलना करायची तर शब्द तेच हवेत, हे कारखान्यातलं शिक्षण.

एका दुपारी त्यांनी करड्या कागदावर, तिच्याच निळ्या शाईने, डाव्या हाताने 'मला घरा' लिहिलं. मूळ डाग कसा पडला ते समजावं म्हणून. वाळल्यावर आपला कागद उलटा केला. मग तिचा कागद उचलला आणि तोही उलटा केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दोन्ही शेजारी धरून खिडकीशी नेले, आणि हात खाली येईना.

आता अक्षर न येणाऱ्यांसाठी सांगते, येणाऱ्यांनी हसू नये. घराचा घ आणि धराचा ध, दोघं सख्खे भाऊ. घच्या डोक्यावरची रेघ अखंड असते. धच्या डोक्यावर रेघ मध्ये तुटते, आणि तिथे एक बारीक गाठ असते. बस, तेवढाच फरक. ती गाठ आणि ती फट बुजली की धचा घ होतो.

काकांनी लिहिलेल्या घवर रेघ होती. निबेने ओढलेली रेघ कशी असते, मध्ये गडद आणि कडांना फिकी. काका त्याला कणा म्हणायचे. ओढलेल्या रेघेला कणा असतो. काकूच्या अक्षरावर मात्र त्या जागी कणा नव्हता. नुसता फिका, पसरट निळा रंग. तिथून निब गेलीच नव्हती. शाई आपल्या पायांनी चालत गेली होती. गाठीपाशी हात थबकला, शाई साचली, तहानलेल्या कागदाने ती ओढली आणि फट बुजवली.

काकांनी तो कागद हळूच सुलटा केला.

मला धरा.

घर नाही. घरातच नाही. धरा. आणि तो कागद कोणी निवडून दिला होता? काकांनीच.

ते पलंगापाशी गेले. नेहमीसारखे दोन हातांवर थांबले. "अगं," म्हणाले, "धरा म्हणाली होतीस?"

काकूचं तोंड भिंतीकडेच होतं. पण खांदा हलला, डावा, जो अजून तिचा होता तो.

"थांब, हात धुऊन येतो," काका म्हणाले आणि वळले. तेवढ्यात मागून सदरा ओढला गेला. काकूने डाव्या हाताने त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं होतं, आणि घशातून असा आवाज काढला की त्याला लिहायला अक्षर नाही. काका तसेच, शाईच्या हातांनी, पलंगावर तिच्या मागे बसले आणि दोन्ही हातांनी तिला धरलं. पांढऱ्या चादरीवर, पांढऱ्या कपड्यावर. ती रडली, पण हे रडणं आजाराचं नव्हतं, हे काकांना कागद न बघता कळलं.

पुढे तिने लिहून सांगितलं तेव्हा कळलं की तिला उजवीकडून सारखं पडल्यासारखं वाटायचं. अर्धं अंग नाही म्हणजे सगळा वेळ पलंगाच्या काठावर. पडतेय, पडतेय, आणि लोक उशा लावतायत. उशीला का पकड असते?

पण तो दिवस तिथे संपला नाही. काकू झोपल्यावर काका फोनपाशी जाऊन बसले. बोलले नसते तर कोणाला कळणार होतं? मुलगी समजली होती की आईला घर हवंय, भांडण मिटलं होतं, बायको त्यांच्याच घरात होती, आणि आता ती त्यांचीही झाली होती. खरं सांगितलं तर कदाचित ती जाणार. काका बराच वेळ बसले. फोनवर निळी बोटं उमटली, तरी नंबर लावेनात. मग लावला.

"मी बोलतोय."

"आई बरी आहे ना?" मुलगी घाबरून म्हणाली. बाबांचा फोन म्हणजे काहीतरी वाईटच असणार.

"बरी आहे. अगं, ती घर म्हणाली नव्हती. धरा म्हणाली होती. शाई फुटली होती तिथे. मी बघितलंच नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्ही?" मुलगी म्हणाली. "तुम्ही बघितलं नाही?"

"वाचत बसलो गं," काका म्हणाले. "तू ये. तिला नीट विचारू. ती जे म्हणेल ते."

मुलगी आली तोवर काकांना हवं ते सापडलं होतं. कारखान्यातल्या एकाही चवडीत नव्हतं. औषधवाला गोळ्या ज्यात बांधून द्यायचा ना, तो पुड्यांचा पांढरा कागद. फार पितही नाही, फार थांबवतही नाही. आणि त्याच्यावर ती मंद काळी शाई, जी दुकानातून परत यायची, हळू उतरते म्हणून. थकलेल्या हाताला हळू उतरणारीच बरी. हात थबकला तरी थेंब साचत नाही.

पाट मांडला. या वेळी काका मागे बसले होते, काकूला धरून. मुलीने विचारलं, "आई, खरं सांग. इथे की माझ्याकडे? बाबांचा विचार करू नकोस."

काकूने हळूहळू लिहिलं. मुलीने कागद उचलला, न वाचता उलटा केला आणि बाबांपुढे धरला. "आधी तुम्ही बघा," म्हणाली. "मी नंतर वाचते."

काकांनी एक हात सोडून कागद उजेडाकडे धरला. फटी बघितल्या, पोकळ्या बघितल्या, सगळ्या रेघांना कणा होता. "उघडं आहे," ते म्हणाले. "सगळं उघडं आहे. कुठे बुजलं नाही." मग कागद सुलटा केला. वाचून तो मुलीच्या हातात दिला, आणि तिने मोठ्याने वाचलं.

"आपण जाऊ."

मी जाते नाही, मला ने नाही. आपण. काकांची खोली, खिडकी, पेनं, कारखाना, काही तिने विचारलं नाही आणि काकांनीही तिला सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "बरं. जाऊ." मग जरा वेळाने मुलीला म्हणाले, "तू तेव्हा निबंधात काय लिहिलं होतंस गं?"

मुलगी पाट उचलत होती. "कुठला निबंध? आठवत नाही," म्हणाली, आणि पाट घेऊन आत गेली. तिला शब्दन्‌शब्द आठवत होता, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. काकांना कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ती चादर आणि काकूच्या अंगावरचा तो पांढरा कपडा धुवायला शेजारी दिले होते. सगळं निघालं, कपड्यावर पुढून उमटलेले दहा बोटांचे डाग निघाले नाहीत. मुलगी म्हणाली, टाकून देऊ, नवा शिवू. काकूने डाव्या हाताने तो कपडा उशाखाली ओढून घेतला, आणि प्रवासात तोच घातला.

मुलीकडे शाईचा कारखाना नव्हता. काकांना करायला एकच काम उरलं, धरायचं. सकाळी उठवताना, घास घेताना, संध्याकाळी खिडकीत बसवताना. हळूहळू त्यांच्या बोटांचा रंग उतरायला लागला, आधी तळव्याचा, मग नखांचा. काकूला ते आवडलं नाही की काय कोण जाणे. ती त्यांचा हात आपल्या डाव्या हातात घ्यायची, तो उलटा करायची, खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि डोळे बारीक करून बघत बसायची.